तिच्या दाराशी गाणं थांबायचं

गोदाबाईचं वावर मोझरीच्या अलीकडे, सडकेला लागून. तिचं तोंडही तसंच सडकेला लागून आहे, जाणाऱ्या-येणाऱ्या कोणालाही सोडत नाही, असं तिची सून म्हणते आणि गोदाबाईला ते मान्य आहे. काळ्या जमिनीच्या त्या तुकड्यात ती दरवर्षी झेंडू लावते, मधे वांगी, कडेला गवार. गणपतीपासून दसऱ्यापर्यंत तिला डोकं खाजवायला फुरसत नसते. पहाटे फुलं तोडायची, पोत्यात भरायची, अमरावतीला जाणाऱ्या गाडीवर चढवायची. तोडायला गल्लीतल्याच बाया. हात फुलांत आणि जीभ गावभर, असं ते काम.

या बायांत शेजारच्या योगेशची बायको दीपमाला होती. तिशीतली, सडसडीत, आणि हसायला लागली की फुलांचं पोतं टेकायला लागायची. भाकरीबरोबर हिरवी मिरची कचकच चावायची, डोळ्यांतून पाणी वाहायचं, तरी दुसरी मिरची हातात तयार. "काहून खातं व इतकं तिखट?" असं गोदाबाईनं विचारलं की म्हणायची, "आजी, रडून घ्याले काही तं कारण पायजे ना."

मागच्या कोजागिरीच्या आदल्या सांजेला ती गेली.

झालं ते असं. दीपमालाची लेक रागिणी, तेव्हा दुसरीत. वऱ्हाडातल्या पोरी भादव्याच्या पुनवेपासून महिनाभर भुलाबाई बसवतात. भुलाबाई-भुलोजीच्या मातीच्या मूर्ती मांडायच्या, रोज सांजेला घोळक्यानं घरोघर जाऊन गाणी म्हणायची, आणि कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मखर करून त्यात भुलाबाईला बसवायचं. धांडे आणायचे होते. योगेश म्हणाला, उद्या आणतो, आणि फुलं घेऊन अमरावतीला गेला. पण उद्या कोणाला धीर. रागिणीनं पाय आपटले, आताच पाहिजे. दीपमाला हसली, विळा घेतला आणि लेकीला घेऊन ज्वारीच्या वावरात गेली. चार धांडे कापून झाले, पाचव्याला वाकली आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, गवतात साप चावला. लेकीला म्हणाली, "जाय, आजीले बलाव. पळ." रागिणी पळाली. माणसं आली, गाडी मिळाली, अमरावतीच्या वाटेवर दीपमालाचं डोकं गोदाबाईच्या मांडीवर होतं. दवाखान्याचा दिवा दिसायच्या आधीच ते डोकं जड झालं.

त्या दिवसापासून रागिणी बोलायची थांबली. शाळेत नाही, घरात नाही. मान हलवायची, बोट दाखवायची. रात्री अंथरूण ओलं करायची. ज्वारीच्या वावराकडे पाठ करून बसायची.

गाव काही वाईट नव्हतं. उलट गावानं त्या लेकराला तळहातावर ठेवलं. तेरवीला बाया एकत्र बसल्या आणि त्यांनी ठरवलं की पोरीसमोर आईचा विषय काढायचा नाही. रागिणीच्या आजीनं, पार्बताबाईनं, सुनेचा फोटो पेटीत खाली ठेवला, लुगडीपातळं वाटून टाकली, तिचा पाण्याचा लोटाही कोणाला देऊन टाकला. कोणाच्या तोंडून चुकून दीपमालाचं नाव निघालं, तर शेजारची मैनाबाई लगेच म्हणायची, "बस न व माय. पोट्टी आयकून राहिली." मग सगळ्या गप्प. रागिणी कुठंही गेली की तिथलं बोलणं बंद व्हायचं. तिच्या हातात मात्र लाडू, बिस्किट, पेरूची फोड असं काहीतरी पडायचं. वर्षभरात त्या पोरीनं जितका खाऊ खाल्ला, तितके शब्द तिच्याशी कोणी बोललं नाही.

उन्हाळ्यात योगेशनं तिला अमरावतीला डॉक्टरीणबाईकडे नेलं. बाई शांत होत्या. त्यांनी विचारलं, घरी आईचं नाव काढता का? योगेश म्हणाला, नाही, जपतो आम्ही. बाई म्हणाल्या, काढत जा. रडू आलं तर तुम्हीही रडा, तिच्यासमोर रडा. योगेशनं घरी येऊन आईला सांगितलं. पार्बताबाई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "बाई सांगून मोकळी झाली. पोरगी एकदाची रडाले लागली अन् थांबलीच नाई, तं कोण पाहीन?" योगेशलाही मनातून तीच भीती वाटत होती. विषय तिथेच मिटला.

मग यंदाचा भादवा आला.

झेंडूच्या वावरात बायांचं पुन्हा एकदा ठरलं. ज्या घरात दुःख आहे, त्या घरी वर्ष सरेपर्यंत सण नाही, हे तर सगळ्यांना ठाऊकच. तेव्हा रागिणीच्या घरी भुलाबाई बसणार नव्हती. मैनाबाई म्हणाली, "पोरींले सांगून ठेवा. त्या दारावरून जातानी गाणं म्हणू नका. लेकराच्या जिवाले लागीन." सगळ्यांनी माना डोलावल्या. गोदाबाईनंही डोलावली. तिचं लक्ष पोत्यांकडे होतं, गाडी यायची वेळ झाली होती.

आठवडाभर असंच चाललं. पितृपक्षातल्या एका सांजेला गोदाबाईचा गुडघा ठणकत होता म्हणून ती मैनाबाईच्या ओट्यावर टेकली. समोर योगेशचं घर. गल्लीच्या तोंडाशी पोरींचं गाणं ऐकू आलं, टिपऱ्या वाजत होत्या, मैनाबाईची नात सगळ्यात पुढे. गाणं जवळ आलं, आणि वळणाशी कोणीतरी मान मुरगळावी तसं थांबलं. पोरी खाली माना घालून चालू लागल्या. नुसते पाय वाजत होते, आणि एका बारकीचे पैंजण. पुढच्या घराशी गेल्या, आणि मधेच सोडलेल्या ओळीपासून गाणं पुन्हा सुरू.

पायरीवर रागिणी बसली होती. मांडीत स्टीलचा डबा, झाकण दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं. पोरी समोरून जात होत्या तेव्हा तिनं तो डबा थोडा वर उचलला होता. त्या गेल्यावर हळूच खाली ठेवला.

त्या डब्याचा अर्थ वऱ्हाडातल्या कोणत्याही बाईला विचारावा लागत नाही. गाणी झाली की घरची पोर झाकलेला डबा वाजवते आणि आलेल्या पोरींनी नुसत्या आवाजावरून आत काय खाऊ आहे ते ओळखायचं. कोणी म्हणतं फुटाणे, कोणी म्हणतं मुरमुरे. नाही ओळखता आलं तर म्हणायचं, हरलो. मग घरच्या पोरीनं स्वतःच्या तोंडानं खाऊचं नाव सांगायचं आणि सगळ्यांना वाटायचा. ही पोर रोज डबा भरून बसत होती, आणि रोज अख्खं गाव तिच्या दारापुरतं मुकं होत होतं.

त्या रात्री गोदाबाईला जेवण गेलं नाही. तिला स्वतःचं लहानपण आठवलं, जे ती सहसा आठवू देत नाही. तिचं माहेर अकोल्याकडचं. ती पाच-सहा वर्षांची असताना तिची आई बाळंतपणाला अकोल्याच्या दवाखान्यात गेली आणि परतली नाही. घरच्यांनी सांगितलं, आई मोझरीला गेली, आश्रमात, प्रार्थनेला, येईल. गोदा रोज सडकेवर जाऊन मोटारीची वाट पाहायची. विहिरीवर गेली की बाया बोलायच्या थांबायच्या. तिला वाटायचं, माझ्या अंगाला काहीतरी लागलंय, म्हणून मी आले की सगळे गप्प होतात. कितीतरी वर्षांनी अहेव नवमीला काकूनं एक पान जास्तीचं वाढलं. गोदानं विचारलं, हे कोणाचं? काकूच्या तोंडून निघून गेलं, "तुया मायचं." अहेव नवमीला पान कोणाचं वाढतात हे पोरीला कळत होतं. सवाष्ण मेलेल्या बाईचं.

पुढे नशिबानं सासर मिळालं ते मोझरीच्याच वाटेवर. नवी नवरी असताना सासूबरोबर आश्रमात गेली तेव्हा सगळं ठाऊक असूनही गोदाबाईनं प्रार्थनेला बसलेल्या बायांच्या रांगा एकेक करून पाहिल्या होत्या. हे तिनं नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही, आणि बाकी तर ती नवऱ्याला सगळंच सांगायची, तो नको म्हणत असतानाही.

दुसऱ्या सांजेला ती काठी टेकत गेली आणि रागिणीच्या पायरीवर बसली. पोरींचा घोळका यायला वेळ होता.

"माह्याच्यानं गाणं होत नाई," गोदाबाई म्हणाली. "गळा फाटक्या टोपल्यावानी झाला. पण खाऊ ओळखता येते मले. वाजव."

रागिणीनं तिच्याकडे पाहिलं. मग डबा उचलला आणि कानाजवळ आणून हलवला.

किण किण असा बारीक आवाज आला. गोदाबाईनं पहिल्याच खेपेला ओळखलं. काचेचा आवाज होता. जिनं उभा जन्म बांगड्या घातल्या, वाढवल्या, आणि नवऱ्यामागं उतरवल्या, तिला तो आवाज ओळखायला कान लागत नाहीत. पण ती म्हणाली, "फुटाणे."

रागिणीनं मान हलवली. नाही.

"मुरमुरे?"

नाही.

"गूळ-खोबरं? तेही नाई? मंग बाई, बत्तासे असतीन."

पोरीच्या ओठाच्या कोपऱ्याला काहीतरी हललं. तिनं पुन्हा डबा वाजवला, या वेळी जरा जोरात.

"हरलो," गोदाबाई म्हणाली. "आता तुले सांगा लागते. असाच कायदा आहे."

रागिणी तशीच बसली. गल्लीत शेळ्या गेल्या, कोणाच्या घरची बादली वाजली. गोदाबाईनं घाई केली नाही, जे तिच्या स्वभावाला फार जड गेलं. मग वर्षभर न वापरलेल्या त्या गळ्यातून आवाज आला, गंजलेली कडी निघावी तसा.

"आईच्या बांगड्या."

डबा उघडला. हिरव्या काचेचे तुकडे. दीपमाला धुऱ्यावर पडली तेव्हा फुटलेले. दुसऱ्या दिवशी सगळे जण मसणात गेले असताना ही पोर एकटी वावरात जाऊन वेचून घेऊन आली होती, आणि घरात कोणालाही पत्ता नव्हता.

"मीच म्हटलं धांडे आण," रागिणी म्हणाली. "बाबा उद्या आणतो म्हणत होते. मी म्हटलं आताच. म्हणून पोरी येत नाईत माह्या घरी. त्यायले माईत आहे."

गोदाबाईला रडू आलं. तिनं ते पदरानं झाकलं नाही.

"तू धांडे मांगतले, हे खरं आहे," ती म्हणाली. "मैनाबाईच्या नातीनं बी मांगतले. तिची माय त्याच धुऱ्यावर सकाळी गेल्ती. गल्लीतल्या आणखी बाया गेल्त्या. लेकरं मांगतात, माया आणतात. सापाले कोणी सांगून बलावलं नाई. अन् पोरी येत नाईत, ते आमा मोठ्या बायांच्या अकलेनं. त्यात मी बी आली. आमाले वाटलं, गाणं आयकून तुले वाईट वाटंन."

"गाणं थांबते तवा वाईट वाटते," रागिणी म्हणाली.

आणि मग ती रडायला लागली. तो आवाज ऐकून पार्बताबाई आतून धावत आली. तिच्या हाताला पीठ लागलं होतं.

"काय केलं व गोदे? काय बोलली लेकराले?"

"मी नाई बोलली. ते बोललं."

पार्बताबाई दारातच खाली बसली. या दोघी एकाच साली या गावात नांदायला आल्या, नळावरून भांडल्या, एकमेकींच्या बाळंतपणात जागल्या. गोदाबाई म्हणाली, "पार्बता, उद्यापासून पोरी इथं गातीन."

"दुःख आहे घरात. वर्ष सरलं नाई. लोक काय म्हणतीन?"

"भुलाबाई तुया घरात बसत नाई, बाहेर गल्लीत उभी राहीन. गल्ली काय तुया बापाची आहे? अन् लोकायचं म्हणशीन, तं लोक म्हणजे आपणच. अर्धे लोक माह्या वावरात फुलं तोडतात, त्यायचं मी पाहून घेतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे झेंडूच्या वावरात गोदाबाईनं सगळं सांगितलं. मैनाबाई फुलं तोडायची थांबली. "म्हणजे मी पोरींले गप केलं, अन् तिले वाटलं, तिले वाळीत टाकलं?" मैनाबाई उरलेला वाफा मुकाट्यानं तोडत राहिली आणि त्या दिवशी तिच्या पोत्यात फुलांपेक्षा पानं जास्त निघाली.

सांजेला पोरी आल्या आणि त्या दाराशी थांबल्या. पहिली ओळ फार चाचरत निघाली. मैनाबाईच्या नातीला गाता गाता रडू यायला लागलं, म्हणून दुसरीनं उचललं. रागिणी पायरीवर उभी होती. ती गायली नाही. पण डबा वाजवला. आत या वेळी खरेच फुटाणे होते, योगेशनं आणून दिलेले. पोरींना ते ओळखता आले नाहीत, कारण इतका सोपा खाऊ असेल असं कोणाला वाटलंच नाही.

मग गोदाबाईनं आणखी एक रीत घातली. खाऊ वाटून झाला की गल्लीतल्या एका बाईनं दीपमालाची एक आठवण सांगायची. पहिल्या दिवशी मैनाबाईनं सांगितलं, की दीपमाला चाळणी मागून न्यायची आणि परत करताना रिकामी कधीच आणायची नाही. एकदा तर चाळणीत वांगी घालून आणली, आणि ती वांगीही मैनाबाईच्याच परसातली. पोरी हसल्या. रागिणीनं विचारलं, "मंग तुमाले राग आला?" मैनाबाई म्हणाली, "आला ना. पण भाजी तिनं करून खाऊ घातली." दुसऱ्या दिवशी आणखी कोणी, की नवी नवरी असताना दीपमाला फुलांच्या गाडीवर चढताना घसरली आणि पोत्यात डोक्यापर्यंत बुडाली, नुसते पाय बाहेर.

योगेश सुरुवातीला गाणं सुरू झालं की मागच्या दारानं निघून जायचा. नंतर नंतर तो कुडाच्या पलीकडे उभा राहू लागला. त्याचं डोकं दिसायचं, पण तिकडे कोणी पाहत नव्हतं.

पार्बताबाई मात्र काहीच सांगायची नाही. एका सांजेला सगळ्या जणी उठायच्या बेतात होत्या, तेव्हा ती आतूनच, अंधारातून म्हणाली, "तिले माह्या हातची भाजी आवडे नाई. मीठ कमी पडे. पण कधी बोलली नाई मले. मी पाठ फिरवली की चिमटीनं वरून घ्ये. मी पाहो, अन् मुद्दाम कमी टाको, कधी तं तोंड उघडीन म्हणून." मग म्हणाली, "आता मीठ बराबर टाकतो, तं खाणारीच नाई."

त्या दिवशी कोणी हसलं नाही. रागिणी उठून आत गेली आणि आजीच्या मांडीत शिरली.

सगळं सुरळीत झालं असं नाही. अंथरूण अजून ओलं व्हायचं. शाळेत ती एक-दोन शब्द बोलायची आणि दमून जायची. कोजागिरी जवळ आली तेव्हा धांड्यांचा प्रश्न आला. योगेश म्हणाला, मी अमरावतीहून ऊस घेऊन येतो, त्याचा मखर करू. रागिणी म्हणाली, "ज्वारीचाच करतात." मग म्हणाली, "मले बी येऊ द्या."

आदल्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर सगळ्या बाया निघाल्या. पुढे योगेश काठीनं गवत झोडपत, मागे बाया पाय आपटत, आणि इतक्या जोरानं बोलत की शिवारातल्या सापांनी गावच बदलायला हवं होतं. धुऱ्याशी आल्यावर रागिणी थांबली. तिनं गोदाबाईचं लुगडं मुठीत धरलं. तिनं जागा दाखवली, "इथं." बाया तिथंच बसल्या. कोणी म्हणालं नाही की बस झालं, पोरगी ऐकते. मैनाबाई मोठ्यानं रडली, सगळ्यात आधी. मग योगेशनं पाच धांडे कापले. रागिणीनं ते उचलायला एक टोक धरलं आणि घरापर्यंत सोडलं नाही.

कोजागिरीच्या सकाळी वर्षश्राद्ध झालं. सांजेला चांद वर आला, पायरीवर मखर उभा राहिला, पेटीतला फोटो पार्बताबाईनं काढून भिंतीला टेकवला. गाणी झाली, दूध झालं, पोरी दुसऱ्या घरी गेल्या. गोदाबाई गुडघा चोळत बसून राहिली होती. रागिणी तिच्याजवळ आली.

"आजी, तुमची आई कशी होती?"

गोदाबाईनं तोंड उघडलं, आणि काही निघेना. गावात कधी कोणाला आठवत नाही की गोदाबाईला बोलायला काही सुचलं नाही.

"मले नाई माईत, बाई," ती म्हणाली. "मले कोणी सांगतलंच नाई. अन् आता सांगणारं कोणी उरलं नाई."

"गाणं गाये का?"

"नाई माईत."

"बांगड्यांचा आवाज तरी?"

गोदाबाईनं मान हलवली.

रागिणी थोडा वेळ तिच्या रिकाम्या मनगटाकडे पाहत राहिली. मग आत गेली आणि तो स्टीलचा डबा घेऊन आली, तोच, हिरव्या काचेचा. गोदाबाईच्या कानाजवळ धरला आणि अगदी हळू हलवला.

"अशा असतीन," ती म्हणाली.

गोदाबाई डोळे मिटून ऐकत बसली. आवाज थांबला तसं तिनं हात पुढे करून पोरीचं मनगट धरलं.

"अजून एकदा वाजव," ती म्हणाली.